अहो, वाफसा आलाय

पैसे येणार हे सांगायला आलेल्या बाई तरुण होत्या. त्यांच्या पायात पांढरे बूट होते आणि चिखल चुकवत चालताना त्या दोनदा पडता पडता वाचल्या, एवढ्यावरूनच गावाने त्यांच्याबद्दल बरं मत करून घेतलं. फसवायला येणारी माणसं सहसा चिखलात नीट चालतात.

बाई म्हणाल्या, प्रत्येक घरातल्या बाईच्या फोनवर एकदाच रक्कम जमा होईल. ती परत करायची नाही. कशावर खर्च केली ते कोणी विचारणार नाही. कसलीही अट नाही.

इथेच गाव अडलं. अट असती तर लोकांना समजलं असतं. आजवर गावाला जे काही मिळालं ते अटीसकट मिळालं होतं. बियाणं फुकट, पण खत त्याच दुकानातून घ्यायचं. संडास फुकट, पण त्याच्यासमोर उभं राहून हसरा फोटो द्यायचा.

"मग तुम्हाला यातून काय मिळणार?" शिंप्याने विचारलं.

"आम्हाला काही नको."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," शिंपी म्हणाला. त्याची दोन लग्नं झाली होती, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

कोपऱ्यातल्या घरच्या सासूबाईंनी घरी येऊन निष्कर्ष काढला, की हे लोक पुढे मूत्रपिंड मागणार. त्यांनी सुनेला बजावलं, "माझं घ्यायला आले तर आधीच सांगून ठेव, दोन्हींतलं एकच चालू आहे. मग भांडायला येतील."

पंधरा दिवसांनी एका सकाळी गावातले फोन एकामागोमाग टिंग टिंग करत गेले, जसं काही कोणी गल्लीतून सायकलची घंटी वाजवत चाललंय. सुनेच्या फोनवर नवरा-बायकोच्या मिळून चार महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम येऊन बसली. तिने फोन उलटा करून ठेवला. मग सुलटा केला. रक्कम तिथेच होती. सासूबाईंनी पोटाच्या दोन्ही बाजू चाचपून पाहिल्या. तिथेही सगळं जागच्या जागी होतं.

सुनेने पहिल्यांदा धान्याची चार पोती आणली आणि तेलाचा एक डबा. मग सासूबाईंचा चष्मा. बाकीचे पैसे तिने राहू दिले. ही खरेदी ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. पण त्या घरात आजवर संध्याकाळचं पीठ संध्याकाळच्या मजुरीतून यायचं. दिवसा काम केलं तर रात्री जेवण, असा साधा सरळ कारभार होता आणि त्यात विचार करायला जागा नव्हती. आता भिंतीला टेकून चार पोती उभी होती. सून येता-जाता त्यांना हात लावायची. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण चक्क विचार करतोय.

आणि ती विचार करत होती वाफशाचा.

वाफसा ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. रानाला पाणी दिलं की त्याचा चिखल होतो. काही दिवस ऊन लागलं की त्याची वीट होते. या दोन्हींच्या मधे दीड दिवस असा येतो, की मातीची मूठ दाबली तर गोळा होतो आणि त्याला बोट लावलं तर तो फुटतो. हा वाफसा. बी टाकायचं ते तेव्हाच. आधी टाकलं तर कुजतं, नंतर टाकलं तर अर्धं उगवतं. गावाची सगळी शेती एका कालव्यावर, पाणी सगळ्यांना एकदमच, त्यामुळे वाफसाही सगळ्यांचा एकाच दिवशी.

मालकांचाही.

मालक म्हणजे ज्यांची वीस एकर आहे ते. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरला भोंगा होता. वाफशाच्या दिवशी पहाटे तो भोंगा वाजायचा आणि गाव ट्रॉलीत चढून मालकांच्या रानात जायचं. संध्याकाळच्या पिठाचा प्रश्न असल्यामुळे यात चर्चा होत नसे. चार दिवस तिकडे राबून परत येईपर्यंत आपापल्या रानाची वीट झालेली असायची. मग गाव त्या विटेत बी टोचायचं. अर्धं उगवलं की लोक म्हणायचे, आपली जमीनच हलकी.

सुनेला लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती. त्या एका एकराला वाफशावर मका टोचलेला तिने एकदाही पाहिला नव्हता. जमीन खरंच हलकी आहे की काय, हे तिला एकदा बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. कालव्याला पाणी सुटायच्या आदल्या आठवड्यात तिने हे नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याला गाव 'पहिला' म्हणायचं. परीक्षेत आला म्हणून नव्हे. भोंगा वाजला की ट्रॉलीत चढणारा पहिला माणूस वीस वर्षं तोच होता.

"या वेळी भोंगा वाजला तर उठायचं नाही," सून म्हणाली.

"नाही उठणार."

"नक्की?"

"मी काय लहान आहे? नाही म्हणजे नाही."

"आई, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "पण तो झोपेत असतो तेव्हा माझा मुलगा नसतो. तेव्हा तो मालकांचा असतो."

खबरदारी म्हणून सुनेने त्याच्या चपला फळीवर ठेवल्या.

वाफशाच्या दिवशी तिला जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं. गल्लीत कुठूनही ट्रॉलीत चढणाऱ्यांचा गलका येत नव्हता. उलट प्रत्येक घरातून टोपल्या, खुरपी, पाण्याचे डबे बाहेर पडत होते आणि सगळे आपापल्या रानाकडे निघाले होते. शिंपी शिवणयंत्रावर कापड झाकून निघाला होता. मालकांचा ड्रायव्हरही बायकोसोबत स्वतःच्या अर्ध्या एकराकडे चालला होता, आणि पायी चालल्यामुळे जरा अवघडलेला दिसत होता.

सुनेने वळून पाहिलं. अंथरूण रिकामं होतं. चपला फळीवर होत्या.

"आई, हे कुठे गेले?"

"भोंगा वाजला मघाशी," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तो नाही गेला गं. त्याचे पाय गेले. मी हाक मारेपर्यंत बाकीचा त्यांच्या मागे गेला होता."

एक एकर मका हाताने टोचायला तिघांना दीड दिवस लागतो. दोघींना अडीच. वाफसा उद्या दुपारी संपणार होता. सुनेने बियाची पिशवी सासूबाईंच्या हातात दिली, सुरुवात करा म्हणाली आणि मालकांच्या रानाकडे पळत सुटली.

तिकडे पहिल्याचं असं झालं होतं, की तो डोळे मिटूनच ट्रॉलीत चढला आणि नेहमीच्या कोपऱ्यात बसून पुन्हा झोपला. ड्रायव्हर न आल्यामुळे ट्रॅक्टर मालक स्वतः चालवत होते. बऱ्याच वर्षांनी चालवत असल्यामुळे मागे वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती. गावातून तीन फेऱ्या मारून, भोंगा दाबून दाबून ते रानात पोचले, इंजिन बंद केलं आणि मागे वळले. ट्रॉलीत एक माणूस होता.

"बाकीचे कुठायत?" मालकांनी विचारलं.

पहिल्याने डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं. मग त्याला सगळं आठवलं आणि तो पांढरा पडला.

"आजारी आहेत का सगळे?"

"नाही. बरे आहेत."

"मग?"

"तेच की. बरे आहेत."

मालक पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. समोर मिरचीच्या रोपांचे ट्रे ओळीने मांडले होते आणि वर सूर्य येत होता. लोक आळशी झालेत, असं त्यांचं मत झालं. फुकटच्या पैशाने माणूस काम टाकतो, हे ते त्या बूटवाल्या बाईंना आधीच म्हणाले होते, आणि आता पुरावाही मिळाला. अख्खं गाव पहाटेपासून कंबर मोडेस्तोवर राबत होतं, आणि त्यांच्या रानात एकही माणूस नव्हता.

एक होता. मालकांनी त्या एकाकडे पाहिलं. वीस एकराला एक माणूस उरला की त्याच्याशी कसं वागायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण भीती फार चांगली शिकवते. ते आत गेले, स्वतःची खुर्ची बाहेर आणली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि म्हणाले,

"अहो, आपण बसा ना."

पहिल्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्याला आयुष्यात 'अहो' म्हणणारी एकच व्यक्ती होती आणि तिला दुसरा पर्याय नव्हता. बाकी सगळे 'अरे' म्हणायचे, आणि मालक तर 'ए' म्हणायचे. 'आपण' हा शब्द त्याने फक्त बँकेतल्या यंत्राच्या तोंडून ऐकला होता. तो बसला. खुर्चीला हात होते. हात कुठे ठेवायचे ते आपोआप कळत होतं. त्याने चहाचा घोट घेतला आणि वाफसा, बायको, मका हे सगळं कुठेतरी फार लांब, पलीकडच्या काठावर गेलं.

सून पोचली तेव्हा तो तसाच बसला होता.

"या ताई, या," मालक उठून उभे राहिले. "दोन माणसं झाली."

"मी कामाला नाही आले. यांना न्यायला आले."

"अहो, पण ते आत्ताच बसलेत."

"अहो," सून नवऱ्याला म्हणाली, "वाफसा आलाय."

"माहितीये."

"मग उठा की."

पहिला पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "मला 'आपण' म्हणाले गं."

"मग?"

"'आपण बसा' म्हणाले. मी बसलो. आता उठायचं कसं ते सांगत नाहीयेत."

सुनेने कपाळाला हात लावला. आणि तो खाली घेताना तिला शेडमधलं पेरणी यंत्र दिसलं. ट्रॅक्टरला मागे जोडायचं, चार फाळांचं, निळ्या रंगाचं. ते मालकांच्या मक्यासाठी होतं आणि मालकांचा मका कालव्याच्या पुढच्या पाण्याला पेरायचा होता.

"हे आज रिकामंच आहे ना?"

"ड्रायव्हर आलाय कुठे," मालक म्हणाले.

"तुम्हाला येतं की चालवता. ट्रॉली तुम्हीच आणलीत."

"सरळ रस्त्याला येतं."

"भाडं काय घ्याल?"

"मी यंत्र भाड्याने देत नाही."

"का?"

मालक विचारात पडले. त्यांना कारण आठवेना. "कोणी मागितलंच नाही," ते शेवटी म्हणाले.

"मी मागतेय. एकराचं सांगा. लगेच फोनवरून देते."

मालकांनी आकडा सांगितला. सून हसली. भाव ऐकून असं हसणाऱ्या बायका तिने बाजारात पाहिल्या होत्या. स्वतः हे हसू तिने कधी वापरलं नव्हतं. ते चाललं. मालकांनी न विचारता आकडा खाली आणला. ती पुन्हा हसली, तो आणखी खाली आला. तिसऱ्यांदा हसायची तिला लाज वाटली.

"बरं, ठीक आहे," मालक म्हणाले. "पण आधी माझी रोपं. ती बघा, माना टाकतायत."

"आधी माझं एकर."

"ताई, वीस एकर आहे माझी."

"म्हणून तर म्हणते, चला लवकर. माझं झालं की आम्ही तिघं तुमच्याकडे येतो. शिंप्याचं झालं की तो येईल. तुमच्या ड्रायव्हरचं झालं की तोही येईल. आमचं जितकं लवकर होईल तितकं तुमचं लवकर. तोवर रोपांवर ओलं पोतं टाका."

मालकांनी यात चूक शोधली. ती सापडेना.

"म्हणजे वीस एकरवाला शेवटी आणि एक एकरवाले आधी?"

"उलटं करून वीस वर्षं बघितलं की," सून म्हणाली. "आणि मजुरी वाढवायला लागेल. ते मी वाटेत सांगते."

मालक ट्रॅक्टरवर चढले. पहिला खुर्चीतून आपोआप उठला. ट्रॅक्टर सुरू झाला की त्याला उठता येत होतं.

कोपऱ्यातल्या त्या एका एकरावर सासूबाईंनी तोवर दीड ओळ टोचली होती. बांधावरून निळं यंत्र आत शिरताना पाहून त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"कोण चालवतंय?"

"मालक," सून म्हणाली.

"आपल्या रानात?"

"भाड्याने घेतलेत."

"यंत्र?"

"दोन्ही."

सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. त्या मालकांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या आणि मालकांचं नाक वाहायचं तेव्हापासून त्यांना ओळखत होत्या. पण आजवर ते सांगायचा प्रसंग आला नव्हता. "अरे ए," त्यांनी बांधावरून हाक दिली, "सरळ घे, सरळ. साप काढतोयस का रांगोळी?"

पहिला यंत्राशेजारून पळत होता. वीस वर्षं ट्रॉलीत मागे बसून त्याने रस्त्याकडे नव्हे, ड्रायव्हरच्या हातांकडे पाहिलं होतं, आणि आता ते कामाला येत होतं. "डावीकडे, मालक. अहो, डावीकडे. ते उजवं. तेच, तेच, आता सोडा. सोडा म्हणजे क्लच नव्हे."

ट्रॅक्टर उडी मारून थांबला, पुन्हा सुरू झाला. बी नळ्यांतून खाली जात होतं आणि मागची माती त्यावर मऊ बसत होती. सुनेने एका ओळीत बोट घालून पाहिलं. माती बोटाला चिकटली नाही की कडकही लागली नाही. ती उभी राहिली आणि पुढच्या ओळीतही बोट घातलं. मग तिसऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकरशील सगळं. हात काढ."

तासाभरात एकर संपलं. तासाभरात. पहिल्याने दोनदा विचारलं, झालं? दोनदा हो म्हटल्यावरही त्याला पटलं नाही, म्हणून तो दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन आला.

तोवर बांधावर शिंपी येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात फोन होता आणि तो झेंड्यासारखा हलत होता. "मालक, इकडून माझ्याकडे." त्याच्यामागे ड्रायव्हर होता. स्वतःच्या अर्ध्या एकरासाठी त्याने आपल्याच मालकांना आणि आपल्याच ट्रॅक्टरला भाव विचारला, आणि घासाघीस करून वर म्हणाला, "जरा जपून चालवा, पुढचं चाक डावीकडे ओढतं."

दुपारपर्यंत मालकांनी सहा रानं पेरली. टोपी मागे सरकली होती, तोंडावर धूळ होती आणि घसा बसला होता. त्यांचं मत मात्र बदललं नाही. फुकटच्या पैशाने लोक आळशी होतात, हे ते प्रत्येक बांधावर सांगत होते. फक्त इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नसल्यामुळे ओरडून सांगत होते. लोकही मान हलवत होते आणि म्हणत होते, बरोबर आहे मालक, आता जरा त्या कोपऱ्यातून घ्या.

मग, ठरल्याप्रमाणे, सगळे मिरचीच्या रानात गेले. आपापलं काम झालेली माणसं दुसऱ्याकडे कशी काम करतात हे मालकांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. ही माणसं गात होती. एकमेकांना चिखलाचे गोळे मारत होती. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत सगळे ट्रे रिकामे झाले. मजुरी सुनेने वाटेत सांगितली होती तेवढीच द्यायला लागली. ती देताना मालक प्रत्येकाला 'घ्या' म्हणत होते. 'घे' म्हणायला जीभ वळेना. दोन दिवसांत तिला दुसरं वळण पडलं होतं.

आठव्या दिवशी मका वर आला.

पहिल्या उन्हात सून रानात गेली तेव्हा तिने नेहमीप्रमाणे मूठभर बी सोबत घेतलं होतं. जिथे उगवलं नाही, त्या मोकळ्या जागेला नांगी म्हणतात. दरवर्षी वाकून वाकून नांग्या भरण्यात तिचे तीन दिवस जायचे. ती पहिल्या ओळीच्या टोकाला उभी राहिली आणि चालायला लागली.

ओळ सरळ नव्हती. मालक जिथे दचकले होते तिथे ओळही दचकली होती. मधे जिथे सासूबाईंनी हाक मारली होती तिथे चार ओळींनी एकदम वळून बांधाकडे पाहिलं होतं. आकाशातून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे कोणीतरी सही करून पाहत होतं. पण हिरवी पाती वितीवितीच्या अंतरावर उभी होती, शेवटपर्यंत. ती दुसऱ्या ओळीने परत आली. तिसऱ्या ओळीने गेली.

बांधावरून पहिला बघत होता. "किती नांग्या?"

"थांबा."

ती पुन्हा गेली. वळणांवर ती वळत होती, त्यामुळे लांबून बघताना ती नाचतेय असं वाटत होतं. पहिल्याला वाटलं, तिला काहीतरी चावलंय. मग त्याला तिचं तोंड दिसलं आणि तोही आत उतरला, आणि तिच्या मागे मागे, त्याच वळणांनी, चालायला लागला.

"सापडली का एक तरी?"

"नाही."

"तिकडे कोपऱ्यात बघितलंस?"

"दोनदा."

"जमीन हलकी नाही मग."

"नाही," सून म्हणाली. "अजिबात नाही."

सासूबाई पाण्याचा डबा घेऊन आल्या तेव्हा दोघं रानाच्या मधोमध उभे होते आणि पोट धरून हसत होते. कशाला हसताय हे त्यांना सांगता येईना. सुनेने मूठ पुढे केली आणि सगळं बी सासूबाईंच्या ओंजळीत ओतलं.

"हे काय?"

"उरलं."

सासूबाईंनी आयुष्यात उरलेलं बी पाहिलं नव्हतं. त्यांनी ओंजळ चष्म्याजवळ नेली, दाणे जरा हलवून पाहिले आणि दोघांकडे बघत विचारलं,

"मग भाजू का?"